समरलिनच्या बर्फावर

लास वेगासचा स्ट्रिप, म्हणजे कॅसिनोंचा मुख्य रस्ता, मला आवडला नाही. सकाळी सातलाही कॅसिनोत सिगारेटचा वास, कुठे खिडकी नाही, घड्याळ नाही. रस्ता ओलांडायला पुलावर चढावं तर तो पूल थेट पुढच्या कॅसिनोत नेऊन सोडतो. हॉटेलने खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी म्हणून वेगळे पैसे घेतले, त्याचा राग अजून आहे. ग्रँड कॅनियन आणि हूव्हर धरण पाहिलं, दोन्ही भव्य. मला लिहायचंय ते मात्र समरलिन या उपनगरात पाहिलेल्या हॉकीच्या सरावाबद्दल.

माझे दीर हेंडरसनला राहतात. पुतण्या म्हणाला, "काकू, उद्या नाइट्सची प्रॅक्टिस आहे. तिकीट नसतं. येतेस?" नाइट्स म्हणजे व्हेगास गोल्डन नाइट्स, बर्फावरच्या हॉकीचा इथला संघ. महिना सप्टेंबर, साल २०२४. पार्किंगमध्ये डांबर तापलेलं आणि आत शिरताच हुडहुडी. जाऊबाईंनी आठवणीने शाल दिली होती म्हणून बरं.

कामाच्या दिवशी सकाळी सरावाला कोण येणार असं मला वाटलं होतं. बाकं भरलेली होती. आजोबा-आजी, तान्ही मुलं, रात्रपाळी करून थेट आलेले वेटर. माझ्या शेजारच्या आजींच्या अंगात ८१ नंबरची जर्सी होती. हा नंबर जोनाथन मार्शेसोचा, आणि तो जुलैमध्येच नॅशव्हिलला गेला होता. "तो गेला म्हणून मी शर्ट का बदलू?" त्या म्हणाल्या, आणि मग जवळजवळ तासभर त्यांनी मला त्यांचा संघ कसा जमला ते सांगितलं.

आपल्याकडे आयपीएलमध्ये २०२२ला गुजरात आणि लखनौ या नव्या संघांना लिलावाआधी तीन-तीन खेळाडू निवडू दिले होते. इथे पद्धत निराळी. लीगमधल्या जुन्या ३० संघांनी आपापले लाडके खेळाडू राखून ठेवायचे: सात आक्रमक, तीन बचावपटू आणि एक गोलरक्षक, किंवा कोणतेही आठ आणि एक गोलरक्षक. उरलेल्यांतून नव्या संघाने प्रत्येकाचा एकेक उचलायचा. म्हणजे हाती येतात ती कुणी ना कुणी सोडलेली माणसं. संघाचे मालक बिल फोली यांनी नवा संघ उभारण्याच्या हक्कासाठी ५० कोटी डॉलर मोजले होते.

पण जुने संघ घाबरले, असं आजी म्हणाल्या. 'आमचा अमुक घेऊ नका, त्याबदल्यात हा घ्या आणि वर हे' असे सौदे झाले. व्हेगासने विल्यम कार्लसनलाच घ्यावं म्हणून कोलंबसच्या संघाने नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली आपली पहिल्या फेरीची पाळीही वरून दिली. आदल्या हंगामात त्याचे गोल होते सहा. व्हेगासमध्ये पहिल्याच हंगामात ४३. मार्शेसोने फ्लोरिडासाठी ३० गोल केले होते, तरी त्याला राखलं नाही, आणि त्याच्यासोबत रायली स्मिथही देऊन टाकला. गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लुरी पिट्सबर्गचा, तीनदा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेला, पण तिथे त्याच्या जागी तरुण मुलगा आला होता. प्रशिक्षक जेरार्ड गॅलंट यांनाही फ्लोरिडाने हंगामाच्या मध्येच काढलं होतं. हे लोक स्वतःला 'मिसफिट्स', म्हणजे कुठेच न बसणारे, म्हणवून घ्यायचे. पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत पोहोचले.

ही निवड जाहीर झाली २१ जून २०१७ला. तारीख ऐकून मी चमकले. बरोबर एक महिना आधी, २१ मेला, हैदराबादला आमचं पुणे आयपीएलची अंतिम लढत मुंबईविरुद्ध एका धावेने हरलं होतं. आणि तो संघच मुळी दोन वर्षांपुरता होता, चेन्नई आणि राजस्थान निलंबित होते म्हणून आणलेला. २०१६च्या दुष्काळात तर सामने गहुंजेतून थेट विशाखापट्टणमला गेले. त्याआधीचे पुणे वॉरियर्सही तीन हंगामांत संपले. आम्ही टाळ्या वाजवत होतो, पण आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं.

इथे उलटं घडलं. संघ मंजूर होण्याच्या वर्षभर आधीच फोलींनी लोकांकडे मोसमी तिकिटांसाठी अनामत मागितली. नाव नाही, रंग नाही, एक खेळाडू नाही, आणि तरी दहा हजारांहून जास्त लोकांनी पैसे भरले. आजी त्यातल्या एक. जुगाराच्या गावात संघ नको म्हणून मोठ्या लीग इतकी वर्षं दूर राहिल्या होत्या. "आमचीही शाळा आहे, चर्च आहे, घरं आहेत, हे कुणाला दिसतच नव्हतं," त्या म्हणाल्या.

मग १ ऑक्टोबर २०१७ची रात्र. स्ट्रिपवरच्या संगीत महोत्सवावर एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून गोळ्या झाडल्या. संघाने अजून एकही अधिकृत सामना खेळलेला नव्हता. खेळाडू गट करून रक्तदान केंद्रांवर, पोलिसांकडे गेले. १० तारखेला घरच्या मैदानावरचा पहिला अधिकृत सामना झाला. कडेच्या फळ्यांवर एकही जाहिरात नव्हती. खेळाडूंबरोबर डॉक्टर, परिचारिका, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान बर्फावर आले. तेव्हा मोजलेल्या ५८ मृतांची नावं बर्फावर उजळली आणि प्रत्येकासाठी एक असे ५८ सेकंद सगळे स्तब्ध उभे राहिले. संघातला डेरिक एंगलंड बोलला. तो इथल्या छोट्या संघातून खेळलेला, इथलाच जावई, इथेच घर केलेला. त्याच सामन्यात त्याने गोलही केला. सांगताना आजींनी माझा हात धरला होता. त्यांच्या गल्लीतली एक मुलगी त्या महोत्सवाला गेली होती. ती वाचली, एवढंच त्या म्हणाल्या.

फोली म्हणाले होते, सहा वर्षांत कप. २०२३मध्ये, सहाव्या हंगामात, तो आला. निर्णायक सामन्याच्या सुरुवातीला तेव्हाच्या प्रशिक्षकांनी मुद्दाम पहिल्या वर्षापासूनच्या पाच जणांना उतरवलं. त्यातला शे थिओडोर आमच्यासमोर सराव करत होता. पुतण्याने काचेवर हात आपटला तर त्याने मान वळवून बघितलं.

स्ट्रिपवर येणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे, एक सकाळ इकडे द्या. सामन्याची तिकिटं महाग असतात, आणि तिथल्या झगमगाटात ही माणसं तुम्हाला भेटणारही नाहीत.

निघताना मी विचारलं, आता अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स संघही आलाय, त्यालाही पाठिंबा देता का? "ते ओकलंडहून आले," आजी म्हणाल्या, "हे इथे जन्मले." मग मी त्यांना पुण्याचं सगळं सांगितलं. दोनदा मिळालं, दोनदा गेलं. त्यांनी विचारलं, "मग आता तुम्ही कुणाच्या?"

मुंबई म्हणणं मला जमलं नाही. आमच्या घरात तेव्हापासून आयपीएल लागते ती धोनी खेळत असेल त्या संध्याकाळी. दोन वर्षं तो आमचा होता.