दाभोळच्या खाडीत तीन नंबरचा बावटा

ऑक्टोबर 2019. अरबी समुद्रात 'क्यार' वादळ उठलं, बंदरावर तीन नंबरचा, धोक्याचा इशारा देणारा बावटा चढला आणि धनत्रयोदशीच्या सकाळी आम्ही बोट दाभोळच्या खाडीत घेतली.

खाडीच्या तोंडाशी, वाशिष्ठी नदीच्या मुखावर वाळूचा पट्टा आहे. भरतीच्या शेवटच्या दोन तासांतच आत यायचं. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर धावतं, समोरून समुद्राची लाट येते आणि पट्ट्यावर उभी राहून फुटते. तिने बोटीचा मागचा भाग उचलला की सुकाणू पाणी धरत नाही, बोट आडवी होते. किनारा दिसला म्हणून घाई करणारे इथेच फसतात.

वारा दक्षिणेचा होता. म्हणून दक्षिण काठावरच्या धोपाव्याच्या बाजूला, डोंगराच्या आडोशाला, फेरीबोटीची वाट सोडून नांगर टाकला. ओहोटीला पाच मीटर पाणी, त्यावर उधाणाचं जवळजवळ तीन मीटर. दोर भरतीच्या खोलीवर मोजायचा: आठाच्या सातपट, 56 मीटर. शेजारच्या बोटीने वीसच सोडला होता. दोर उभा ताणला गेला की नांगर चिखलात रुतत नाही, उपटतो. दुसऱ्या रात्री भरती-ओहोटीचं पाणी वळताना ती बोट सरकत आमच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आली. मध्ये टायर टाकले, त्यांनी इंजिन चालू करून नांगर उचलला आणि मागे जाऊन लांब दोराने पुन्हा टाकला. आमचा दोर मात्र बोटीच्या काठावर घासून दोन पेड तुटला होता. तिथे जुनं जाळं गुंडाळायला हवं होतं.

अंधारात नांगराची खूण दोरावरच मिळते. तळहात ठेवायचा. दोर सावकाश ताणतो, सैल होतो, तर नांगराने धरलंय. बारीक थरथर लागली, तर तो तळावरून ओढला जातोय.

गावात जायचं तेही पाण्याच्या हिशेबाने. पाणी वळलं, बोट फिरून स्थिर झाली, अर्धा तास पाहिलं, की पुढच्या वळणापर्यंत चार-पाच तास मिळतात. बोटीवर दोघं राहिलेच पाहिजेत, त्यातला एक इंजिन चालवणारा.

त्या वेळात दाभोळ पायी होतं. काठाजवळ अंडा मशीद, घुमट विजापुरी घाटाचा. विजापूरची आयशाबीबी मक्केला जायला इथे आली, चाच्यांच्या भीतीने जहाज सुटेना, तेव्हा जवळचं धन या मशिदीला लावलं, असं सांगतात. तिच्या सुमारे दोनशे वर्षं आधी अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझला जायला इथेच जहाजात चढला, भाडं दोन सोन्याची नाणी. महिनाभर समुद्रात राहून जहाज लागलं ते आफ्रिकेतल्या हबशांच्या किनाऱ्याला! डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेइदाने हे गाव जाळलं. चंडिकादेवीच्या गुहेत आजही तेलाच्या दिव्याचाच उजेड. बाहेरच्या पावसातून आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो.

बावटा उतरला, तरी आम्ही आणखी दोन भरत्या थांबलो. वारा पडला तरी लांबून येणारी लाट लगेच बसत नाही, आणि पट्ट्यावर फुटत्या लाटांचं पांढरं दिसत होतं. तिसऱ्या भरतीला पाणी थबकलं तेव्हा दोर ओढला आणि गोपाळगड किल्ला डाव्या हाताला ठेवून बाहेर पडलो.