झाडीपट्टीतली एक नाईट

डेली सोप करणाऱ्या नटाचं पाठांतर वेगळंच असतं. सीन सकाळी हातात पडतो. मेकअप होईस्तोवर दोनदा वाचायचा, मास्टर, म्हणजे अख्ख्या सीनचा शॉट द्यायचा, मग क्लोज, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचा, आणि क्लोज ओके झाला की डोक्यातून काढून टाकायचा, कारण पुढचा सीन तयार असतो. समोरचा कलाकार दुसऱ्या युनिटवर अडकला असेल तर कॅमेऱ्याशेजारी उभा राहून असिस्टंट त्याची वाक्यं सपाट आवाजात वाचतो, आणि आपण त्या मुलाकडे बघून डोळ्यांत पाणी आणायचं. रोज साधारण 22 मिनिटांचा एपिसोड द्यायचा तर दुसरा इलाजही नसतो. मी बरीच वर्षं हे करतोय, आणि सुट्टी मिळेल तसे शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, बालगंधर्वला प्रयोगही करतो. पण नटाचं कान देणं म्हणजे काय, हे मला वडशाच्या पुढे एका गावात, पहाटे तीनच्या सुमाराला कळलं.

वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडली की येतं. नाट्यकंपन्यांच्या पाट्या लागलेलं हे गाव झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा धानाचा पट्टा. दिवाळी सरली, धान हाती आलं की नाटकांचा सीझन सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. गावातलं मंडळ कंपनीशी बोलणी करून नाटक आणतं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. त्या निमित्तानं लेकी माहेरी येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकीही ठरतात. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तरी पुण्या-मुंबईत मराठी रंगभूमीचा विषय निघाला की या पट्ट्याचं नाव क्वचितच येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पदरचे पैसे मोजून रात्रभर बसणारा एवढा प्रेक्षक आपल्याकडे आणखी कुठे आहे?

मला पाहुणा कलाकार म्हणून बोलावलं होतं. बॅनरवर माझा फोटो आणि खाली 'सिनेस्टार'. माझ्या प्रवेशांच्या झेरॉक्स आधी आल्या होत्या. तालीम एकच, त्याच दुपारी, कंपनीच्या खोलीत. इथले कलाकार सीझनभर आज हे नाटक, उद्या ते, असे फिरत असतात. मुंबईसारखी महिनाभराची तालीम त्यांना परवडणारीच नाही. म्हणून सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. आमच्याकडे प्रॉम्प्टिंग म्हणजे अडलं तर एखादा शब्द. इथे आडोशाला वही घेऊन बसलेला माणूस अख्खं नाटक बोलतो, सगळ्यांची वाक्यं, नटाच्या अर्धं वाक्य पुढे. नट ते कानानं घेतो, तोंडानं आधीचं बोलत असतो आणि चेहऱ्यावर भाव तिसराच असतो. वर टांगलेल्या माइकमुळे नटाचा आवाज स्पीकरवरून एवढा मोठा घुमतो की वहीवाल्याचा आवाज त्यात बुडून जातो.

नाटक दहानंतर उघडलं. ट्रकमधून आलेला रंगमंच, कापडी रंगपट, पुढे खुर्च्या आणि मागे जमिनीवर चादरी-घोंगड्या घेऊन बसलेली कुटुंबं. पहिले दोन अंक, गाणी, नाच, वन्समोअर. थंडी मी म्हणत होती, पण मैदान हललं नाही.

तिसऱ्या अंकात माझा मोठा प्रवेश होता. शहरातून आलेला मुलगा शेत विकायला निघतो आणि आई आडवी येते. आईच्या भूमिकेत इथल्याच एक ज्येष्ठ अभिनेत्री होत्या. कंपनीत सगळे त्यांना बाई म्हणत. प्रवेश रंगात आला आणि साउंड गेला. दिवे चालू, माइक बंद.

त्याच क्षणी प्रॉम्प्टर गप्प झाले. ते बरोबरच होतं. स्पीकर नसताना त्यांचं वाक्य आमच्या आधी पहिल्या रांगेत पोचलं असतं. पण माझ्याकडे त्या दुपारच्या एका तालमीपलीकडे काही नव्हतं.

बाई चार पावलं पुढे आल्या. पदर खोचला. आवाज पोटातून काढला आणि वेग निम्म्यावर आणला, मागच्या घोंगड्यांपर्यंत शब्द पोचावा म्हणून. आणि त्यांनी संहितेत नसलेलं वाक्य टाकलं: "म्हणजे तुझ्या बापानं रक्त आटवून राखलेलं शेत तू त्या सावकाराला देणार, आणि मी शहरात येऊन तुझ्या दोन खोल्यांत बसायचं, असंच ना?"

हे माझं वाक्य होतं! म्हणजे मी जे सांगायचं होतं ते सगळं त्यांनी प्रश्नात बांधून माझ्या हातात दिलं होतं. मी फक्त म्हणालो, "हो आई. असंच." आणि थांबलो. मैदानातून कुणीतरी ओरडलं, "बोल ना बापा, काहून करतं असं?" बाईंनी तो आवाजही सोडला नाही. "ऐक, गाव विचारतंय," म्हणाल्या. पुढचा प्रवेश असाच झाला. त्या प्रश्नातून मला वाक्य देत होत्या, मी ते उचलून पुढे नेत होतो. एकदा मला मूळ संवाद आठवला तर त्या लगेच मागे सरल्या आणि मला जागा दिली. शेवटी त्यांनी ऑर्गनवाल्याकडे नुसती मान वळवली. त्यानं सूर धरला आणि त्या माइकशिवाय गायल्या. साउंड परत आला तो गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात.

पडदा पडला तेव्हा उजाडायला आलं होतं. चहा घेताना मी विचारलं, मला कुठलं वाक्य येतंय आणि कुठलं नाही हे तुम्हाला कसं कळत होतं?

"तुमच्या डोळ्यात दिसते ना जी," त्या म्हणाल्या. "माणूस ऐकत असला का समजते. आठवत बसला तरी समजते."

मग चेहऱ्यावरचा रंग पुसता पुसता त्यांनी उद्याचं सांगितलं: गाव दुसरं, नाटक दुसरं, त्यात त्या खलनायिका. झोप गाडीत. अशा रात्रींनंतर गाडीत अवघडून झोपणाऱ्या या बायकांसाठी प्रत्येक गावात निदान बंद दाराची एक खोली आणि धड स्वच्छतागृह हवं. आयोजक मंडळांनी मनावर घेतलं तर ते जमण्यासारखं आहे.

मी नागपूरहून मुंबई गाठली आणि दुसऱ्या दिवशी सेटवर हजर झालो. माझे क्लोज आधी उरकले. मग माझ्या मुलीचं काम करणाऱ्या पोरीचा क्लोज लागला, आणि असिस्टंट नेहमीप्रमाणे कागद घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला. मी मेकअप रूमकडे न जाता त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो. पहिल्या टेकला ती गोंधळली, तिला सवय नव्हती. दुसऱ्या टेकला तिनं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मला तोडलं, रागानं, संहितेत नव्हतं तिथे. दिग्दर्शकानं तोच टेक ठेवला.