तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीमागं ट्रेलर लावायचा तर

पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर, परवा तर बेळगावात कपिलेश्वराच्या देवळाबाहेरसुद्धा एकानं थांबवून हेच विचारलं, "ही गाडी एवढा डबा ओढतीय काय हो? काय काय बसवून घेतलाय?" दर वेळी अर्धवट सांगून निघतो, म्हणून आज बसून लिहितोय.

ओढतीय. स्कॉर्पिओ एन डिझेल आहे, मागचा ट्रेलर एकाच एक्सलचा, दोघांना झोपायला जागा, मागं शेगडी आणि ओटा, सामान भरून काट्यावर घातला तर ८६० किलो. इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. आपण ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या बघतच मोठे झालोय, तिथं ओढण्याची काळजी कुणी करत नाही, काळजी असते उताराची, मागचं वजन ट्रॅक्टरलाच ढकलत यायला लागतं तेव्हाची. हीच गाडी ऑस्ट्रेलियात विकतात, तिथं ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर २,५०० किलो आणि नसतील तर फक्त ७५० किलो ओढायची परवानगी आहे. गाडी तीच, इंजिन तेच, फरक फक्त ब्रेकचा.

म्हणून मी पहिला पैसा ब्रेकवर घातलो. ओव्हररन ब्रेक म्हणतात त्याला. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं रेटतो, कपलिंगमधली दांडी आत दाबली जाते, ती केबल खेचते आणि ट्रेलरच्या चाकातले ड्रम ब्रेक लागतात, वायर नाही काही नाही. वर एक बारीक स्टीलची केबल टो बारला, म्हणजे गाडीमागं ट्रेलर अडकवायला बसवलेल्या दांड्याला, अडकवायची, हुक सुटलाच तर ती ताणून ट्रेलरचा हँडब्रेक लागतो. तरी तवंदी घाट उतरताना सगळा भार ब्रेकवर टाकायचा नाही, ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरायचं, ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडला घालून.

हुकाचं काम उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये करून घेतलं. स्कॉर्पिओ एनला लॅडर फ्रेम, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चासी आहे म्हणून टो बार सरळ चासीच्या लांब मेंबरला बोल्टनं बसतो, १०.९ ग्रेडचे बोल्ट, टॉर्क रेंचनं आवळलेले, वेल्डिंग अजिबात नको आणि बंपरला तर काहीच अडकवायचं नाही. आणि बॉल, म्हणजे टो बारवरचा गोळा, ज्यावर ट्रेलरच्या तोंडाचा कपलर बसतो! बाजारात ५० मिलिमीटरचा बॉल मिळतो आणि दोन इंचाचा, म्हणजे ५०.८ चा पण मिळतो, हातात धरले तर सारखेच वाटतात. दोन इंची कपलरमध्ये ५० चा बॉल ढिला बसतो, खड्ड्यात उसळी घेऊन निसटू शकतो. दोन्हीवर कोरलेला आकडा वाचा, वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सेफ्टी चेन दोन, खालून एकमेकींवर फुली मारून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्याच ट्रिपला यमकनमर्डीच्या पुढं हायवेला ऐंशीच्या स्पीडला ट्रेलर डुलायला लागला, आधी हळूच, मग आरशात त्याचा डावा कोपरा, उजवा कोपरा, डावा कोपरा असं दिसायला लागलं आणि स्टिअरिंग हातात थरथरतंय. नशीब की ब्रेक दाबलो नाही, अॅक्सिलेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, साठच्या खाली आल्यावर शांत झाला. बाजूला घेऊन थांबलो तर बाबा उतरले, मागं गेले, पाण्याचे वीस-वीस लिटरचे तीन कॅन पार शेवटी शेगडीजवळ ठेवलेले बघितले आणि म्हणाले, "आरं, गाडी उलाळ भरलायस की! धुरेवर वजन नको?" बाबांनी तरुणपणी बैलगाडीनं ऊस घातलाय, उलाळ, म्हणजे मागं जास्त वजन भरलेली गाडी कशी बैलाच्या मानेवरचं जू वर उचलते ते त्यांना माहीत. साठ लिटर म्हणजे साठ किलो, तेवढे चाकांच्या पुढं आणून ठेवले, आणि तीच गाडी तोच रस्ता, बेळगावपर्यंत डुलली नाही.

त्याला नोज वेट म्हणतात, हुकाच्या बॉलवर ट्रेलरचं किती वजन पडतं ते. अमेरिकेत एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के धरतात, युरोपात त्याहून कमी. माझं ८० किलोच्या आसपास असतं. मोजायला काही लागत नाही, घरातला वजनकाटा खाली, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर कपलर, ट्रेलर लेव्हलला. दर ट्रिपच्या आधी मी हे करतो. मात्र हे ८० किलो गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतः जेवढं वजन वाहू शकते त्यातून जातात, त्यात माणसं पाच आणि डिकी भरलेली असली की गाडी मागून खाली बसते, पुढची चाकं हलकी होतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. कॉइल स्प्रिंगच्या आत घालायच्या एअर बॅग मिळतात, मी घातल्यात, पण त्यानं गाडी फक्त लेव्हलला येते, पेलोड काही वाढत नाही.

लाइटचं: मागच्या दिव्याच्या वायरी सोलून जोडू देऊ नका, नवीन गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स लगेच एरर दाखवतं. वेगळं रिले मॉड्यूल, बॅटरीवरून फ्यूज लावून सप्लाय, सात पिनचं सॉकेट. इंडिकेटर दिला आणि मागचे सगळेच दिवे लुकलुकायला लागले तर अर्थिंग बघा. लांब आरसे घ्या.

कागदपत्रांचं पण विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हे पण मोटार वाहनच आहे, तेव्हा त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. टो बारचं काम करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, नंतर नको.

रिव्हर्स मला शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या पोरानं शिकवला, ऊस तुटून गेलेल्या रानात, दोन संध्याकाळी. स्टिअरिंगला हात खालच्या बाजूला धरायचा, ट्रेलरचं बूड जिकडं न्यायचं तिकडं हात न्यायचा, आणि थोडं थोडं. चोर्ला घाटात जायच्या आधी एवढं यायलाच पाहिजे, कणकुंबीच्या पुढं रस्त्यात गाडी वळवायची वेळ आली तर मागं बघून सांगणारा कुणी भेटत नाही.

आणि कुठली गाडी घेऊ हे विचारायला येणार असाल तर आधी ट्रेलर पाणी-सिलिंडरसकट भरून काट्यावर घाला आणि ती चिठ्ठी घेऊन या, उद्यमबागेत मी सोबत येतो.