प्वेब्लो, 1:100 – हल झाला, आता डेकवर

अमेरिकी नौदलाच्या प्वेब्लो या हेरगिरी बोटीचं मॉडेल करतोय. हल (बोटीचं धड) आकाराला आला. खरी बोट 177 फुटांची, म्हणजे 1:100 मध्ये 54 सेंटिमीटर. रुंदी पावणेदहाच्या आसपास. आत जाड स्टायरिन प्लास्टिकच्या फ्रेम्स, बाहेरून पातळ पट्ट्या. पुट्टी सुकतेय, मग घासकाम.

डोकं जास्त खाल्लं ते मॉडेल कोणत्या सालचं करायचं या प्रश्नाने. विस्कॉन्सिनमधल्या केवॉनीला एप्रिल 1944 मध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा अमेरिकी लष्कराची साधी मालवाहू होती, एफपी-344. पुढे होल्ड (माल ठेवायची जागा) आणि डेरिक (माल उचलायची क्रेन), मागे इंजिन आणि केबिन. 1954 मध्ये ती सेवेतून काढली. 1966 मध्ये नौदलाने घेतली, नाव प्वेब्लो ठेवलं, नोंद मात्र हलकी मालवाहू एकेएल-44 अशीच. मग ब्रेमर्टनच्या गोदीत रेडिओ संदेश टिपणारी यंत्रं बसली आणि मे 1967 मध्ये ती एजीईआर-2, म्हणजे नोंदीतही हेरगिरीची बोट झाली.

डेरिकवाली 1944 ची प्वेब्लो करायचा मोह होता. पण मी ठरवलीय ती 11 जानेवारी 1968 ची, जपानमधल्या ससेबोहून निघतानाची. बारा दिवसांनी उत्तर कोरियाने तिला वॉन्सानजवळ पकडलं. 83 जणांपैकी एक ठार झाला, उरलेले अकरा महिने कैदेत राहिले. वेग जेमतेम 13 नॉट, बचावाला .50 कॅलिबरच्या दोन मशीनगन, त्याही ताडपत्रीखाली. या मशीनगन मला सगळ्यात आवडल्यात: या स्केलला प्रत्येकी दीड सेंटिमीटरच्या थोडं वर. ताडपत्रीसाठी पातळ गोंदात भिजवलेला टिश्यू पेपर. बॅरल झाकलं जातं, तेवढीच मेहनत वाचते!

ढीगभर फोटो मिळतात ते आजच्या प्याँगयांगमधले. बोट तिथे संग्रहालयात आहे (आणि अमेरिकी नौदलाच्या यादीतही अजून आहेच). रेलिंग, दारं, शिडी यांच्या मापांना ते उत्तम. पण गोळ्यांच्या भोकांभोवती तिथे लाल रंगाची वर्तुळं काढलीत, ती माझ्या तारखेला लागू नाहीत. रंगासाठी मी फक्त 1967 चे जुने फोटो धरतोय: करडा हल, नाळेवर पांढऱ्यात 'जीईआर 2' (एजीईआर मधला पहिला 'ए' बोटीवर रंगवलेला नव्हता).

पुढचं काम अँटेना. मोटर वायंडिंगवाल्याकडून तांब्याची सगळ्यात बारीक तार आणलीय. ती ताणून सरळ करायची, मग डोलकाठ्या.