पासवर्ड बरोबर होता

मी ऑफिसात भाषांतराचं काम करते, त्यामुळे कीबोर्ड दिवसभर मराठी इनस्क्रिप्टवर, म्हणजे प्रत्येक बटणाला थेट देवनागरी अक्षर देणाऱ्या मांडणीवर असतो. त्या दिवशी स्क्रीन लॉक करून डबा खायला गेले. परत येऊन पासवर्ड टाकला, तर चूक. कॅप्स लॉक पाहिला, बंद होता. मग एकेक बटण बघून दाबलं. चौकटीत नुसते काळे ठिपके. पाचव्या चुकीला खातंच लॉक झालं.

हेल्पडेस्कला फोन केला. चाळीस मिनिटं गेली आणि तात्पुरता पासवर्ड मिळाला. तोही चूक! "मॅडम, नीट बघून टाका ना." हे वाक्य अजून मला बोचतं. सोळा वर्षं टायपिंगवरच पोट आहे माझं. त्यात साडेतीनला परिपत्रक द्यायचं होतं. पुन्हा फोन, पुन्हा कर्मचारी क्रमांक सांगा, पुन्हा थांबा. कीबोर्ड कुठल्या भाषेत आहे, हे एकदाही कुणी विचारलं नाही.

शेवटी शेजारचा सहकारी म्हणाला, "ताई, माझ्या खात्यातून फाइल काढू." त्याने 'अदर यूजर'वर क्लिक करून नाव टाइप करायला घेतलं आणि चौकटीत देवनागरी उमटली. नावाच्या चौकटीत ठिपके नसतात, म्हणून दिसलं तरी. इंग्रजी 'कोकण'साठी के-ओ-के-ए-एन दाबा, इनस्क्रिप्टमध्ये 'कदकोल' येतं. माझा पासवर्ड दोन तास असाच जात होता. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलली, हेल्पडेस्ककडून खातं पुन्हा अनलॉक करून घेतलं आणि पहिल्या फटक्यात आत.

भाषेची खूण स्क्रीनवर होती, पण पार खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. माझी नजर मधल्या चौकटीवर. कॅप्स लॉक चालू राहिला तर चौकटीखालीच सूचना येते, मग भाषेची का येऊ नये? मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ती हवी आहे.

पासवर्ड उघडा करून दाखवणारी डोळ्याची खूण आमच्याकडे बंद ठेवलेली आहे. घरच्या संगणकावर विंडोजऐवजी उबंटू आहे, त्यावर ती आहे. उबंटूचा पडदा ज्यावर चालतो त्या ग्नोमच्या लॉक स्क्रीनवर ती 2020 च्या 3.36 आवृत्तीत आली. तुमच्याकडे असेल तर दुसऱ्याच चुकीला वापरा, पाचवीपर्यंत थांबू नका. नसेल तर नावाच्या चौकटीत दोन अक्षरं टाइप करून बघा आणि पुसा. पासवर्ड मात्र तिथे टाकू नका, मागे उभ्या असलेल्याला तो सरळ वाचता येतो.

परिपत्रक पावणेपाचला गेलं.