वाढदिवसाला बाहेरचा केक आणू का?

"मुलांच्या वाढदिवसाला बेकरीतला केक चालेल का हो?" मी आहारतज्ज्ञ असल्यामुळे कोथरूडमधल्या आया मला हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: चालेल. जरूर आणा.

त्यात काय असतं ते मात्र माहीत असू द्या. मैद्याच्या स्पंजचे दोन-तीन थर, साखरेच्या पाकात भिजवलेले. मधल्या आणि वरच्या थरातलं क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतंच. हायड्रोजनेटेड (प्रक्रिया करून घट्ट केलेलं) पाम कर्नेल तेल, पाणी आणि साखर फेटून ते फुगवतात, कारण एप्रिलच्या उन्हात दुधाचं क्रीम लगेच ढासळतं आणि हे उभं राहतं. टाळूला मेणचट थर लागतो तो याचाच. तेल असं घट्ट करताना ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक चरबी, तयार होऊ शकते; 2022 पासून आपल्याकडे तिच्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, हे फार चांगलं झालं. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) मात्र राहतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 1400 कॅलरी लागणाऱ्या मुलाला खाण्यापिण्यात वेगळी घातलेली साखर दिवसाला 35 ग्रॅमच्या आत हवी. केकच्या बेताच्या तुकड्यात त्यातली निम्मी सहज संपते.

तरीही आणा म्हणते, कारण या केकने आपल्या घरांत एक जागा मिळवली आहे. कॅम्पातली कयानी बेकरी 1955 पासूनची. तिथला मावा केक पुणेकर रांग लावून नेतात, पण पेठांतल्या कित्येक घरांत अंड्यामुळे केक उंबऱ्याबाहेरच राहायचा. एगलेस पाइनॅपल केक आला आणि आजीचीही अडचण सुटली. आता निरांजन, अक्षता, सुपारीचं तबक आणि केक एकाच टेबलावर असतात. आधी औक्षण, मग केक, आणि पहिला घास आजीला. त्या दिवशी नाचणीचा पौष्टिक केक पुढे करून मुलाचा हिरमोड करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. (तोंडाला क्रीम फासण्याचा प्रकार मात्र मला बघवत नाही. ते अन्न आहे.)

माझा विरोध आहे तो महिन्याकाठी होणाऱ्या चार केकना. सोसायटी, शाळा, क्लास, बाबांचं ऑफिस, सगळीकडे हल्ली केकच कापतात. तिथे मुलांना एका घासावर थांबायला शिकवा.

घरचा केक अर्धा किलोचाच सांगा. परवडत असेल तर दुधाच्या क्रीमचा मागा. आणि उरलेला त्याच संध्याकाळी शेजारी वाटून टाका, नाहीतर तो फ्रीजमधून रोज दुधाबरोबर बाहेर येतो.