भिंती नसलेल्या घरात झोप कशी लागायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. सामोआहून, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या त्या छोट्याशा बेटांच्या देशातून, परत येऊन आता बरीच वर्षं झाली, तरी कुणाकडे जेवायला गेलं किंवा लग्नात कुणी ओळख करून दिली की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच, की घराला भिंतीच नाहीत म्हणजे काय, दार नाही, कडी नाही, मग कपडे कुठे बदलायचीस आणि रात्री झोप कशी लागायची? बायका विचारतात तेव्हा आवाज थोडा खाली येतो, कारण त्यांना खरं काय विचारायचंय ते आम्हा दोघींनाही कळलेलं असतं. दरवेळी घाईत अर्धवट उत्तर देऊन सुटते, आज नीट सांगते.

सामोआत दोन मोठी बेटं, उपोलू आणि सावाई. विमानतळ आणि राजधानी आपिया उपोलूवर, आणि सावाईला जायचं तर मुलिफानुआच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडायची, तास-दीड तासात पलीकडे सालेलोलोंगा. सावाई आकाराने मोठं, सुमारे 1,700 चौरस किलोमीटर, पण जवळपास सगळी वस्ती किनाऱ्याकिनाऱ्याने, मधे ज्वालामुखीचे डोंगर आणि जंगल. आमचं गाव उत्तरेच्या बाजूला होतं, तिकडे जाताना रस्ता काळ्याभोर लाव्हाच्या पठारावरून जातो, 1905 ते 1911 मातावानू ज्वालामुखी धुमसत होता तेव्हाचा तो लाव्हा. मी तिथे शाळेत गणित शिकवायला एक वर्ष व्हॉलंटियर म्हणून गेले होते आणि गावातल्या एका कुटुंबाने मला त्यांच्या फलेमध्ये ठेवून घेतलं.

फले म्हणजे घर. दगडांचा चौथरा, त्यावर गुळगुळीत खडे पसरलेले, खड्यांवर जाड चटया, चौथऱ्याच्या कडेने लाकडी खांब आणि वर झावळ्यांचं छप्पर. संपलं. खांबाखांबांमधे मोकळी हवा. माझं आजोळ मालवणकडचं, तिथे आजोबांचा मांगर असाच होता, त्यामुळे पहिल्या दिवशी मला ते घर ओळखीचं वाटलं, पण मांगरात गुरं आणि गवत असायचं, माणसं झोपायची ती भिंतींच्या आत, एवढा फरक मोठा होता. इथे आई-बाप, आजी-आजोबा, चार मुलं, एक आत्या आणि मी, सगळे एकाच जागी, आणि रस्त्याने जाणाऱ्याला सगळं दिसतंय.

छपराच्या कडेला आतून नारळाच्या पानांचे विणलेले पडदे टांगलेले असतात, त्यांना पोला म्हणतात. आपल्याकडे झाप विणतात ना, तसेच, फक्त एकाखाली एक बांधलेले, दोरी ओढली की वर जातात, सोडली की खाली येतात. पाऊस ज्या बाजूने येतो त्या बाजूचे पोला सोडायचे, ऊन तिरपं आलं की त्या बाजूचे, बाकी उघडं. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे पावसाळा, समुद्रावरून सर येताना आधी नुसता आवाज ऐकू येतो आणि तेवढ्या वेळात घरातली पोरं धावत जाऊन बरोबर त्याच बाजूचे पोला सोडून मोकळी होतात, मला ती दिशा ओळखायला दोन महिने लागले. हवा अशी खेळते की पंख्याची आठवण यायची नाही. (हल्ली खूप घरांत पोलाच्या जागी ताडपत्री दिसते, स्वस्त आणि टिकाऊ, पण तिच्या आत घुसमटायला होतं.)

खिळा एकही नाही, आणि ह्या गोष्टीवर मी मनापासून प्रेम केलं. सगळं घर बांधलेलं, म्हणजे खरोखर दोरीने बांधलेलं. दोरीला ते आफा म्हणतात, ती नारळाच्या सोडणाची, म्हणजे आपला सुंभच, पण किती नाजूक, वेणीसारखा गुंफलेला. लांबट नारळाची त्यासाठी वेगळी जात असते. सोडण पाण्यात भिजत घालायचं, कुटायचं, वाळवायचं, धागे मांडीवर वळायचे आणि मग वेणी घालत बसायचं. आमचे आजोबा, म्हणजे घरचे मताई, कुटुंबाचे मुखिया, गावच्या बैठकीला जाताना धाग्यांचं भेंडोळं सोबत न्यायचे, बोलणं चालू आणि हात पण चालू. एका साध्या फलेला 30,000 ते 50,000 फूट आफा लागतो असा अंदाज देतात, म्हणजे कमीत कमी नऊ किलोमीटर दोरी, सगळी कुणाच्या तरी मांडीवर वळलेली. रात्री आडवं पडून वर बघितलं की त्या बांधणीच्या नक्ष्या दिसायच्या. घर बांधणारे कसबी म्हणजे तुफुंगा, त्यांना मान पूर्वीपासून मोठा, मेहनताना उत्तम विणलेल्या चटयांत आणि जेवणावळींत, आणि मधेच मान राखला गेला नाही असं वाटलं तर ते काम अर्धं सोडून जायचे आणि दुसरा कुणी तुफुंगा ते पुरं करायला हात लावायचा नाही, असं आजोबांनी सांगितलं.

आता तुमचा प्रश्न. कपडे बदलायचे लावालावाच्या आत, म्हणजे मोठं कापड छातीशी गुंडाळायचं आणि आतल्या आत, आपल्याकडे नदीवर बायका लुगडं बदलायच्या तसं. आंघोळ गोड्या पाण्याच्या झऱ्यावर, बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. संडास मागे, त्याला भिंती आणि दार दोन्ही. एवढं सोपं होतं ते.

झोपेचं उत्तर मात्र लांब आहे. पहिल्या आठवड्यात मला झोप लागलीच नाही, मच्छरदाणीत डोळे उघडे ठेवून पडायचे, रस्त्याने कुणी गेलं की अंग आखडायचं. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की जाणारा माणूस आत बघतच नाही. त्याला सगळं दिसू शकतं आणि तो बघत नाही, आणि हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. जेवताना कुणी समोरून गेलं तर घरातून हाक जाते, साऊ ए आई, म्हणजे ये जेवायला, अगदी आपलं ‘या जेवायला’, पण हाक आली नाही तर तो तसाच पुढे जातो. बसलेल्या माणसाच्या समोरून जायची वेळ आली तर कमरेत वाकून ‘तुलोउ’ म्हणत जायचं, म्हणजे माफ करा, मधून जातोय. फलेमध्ये उभ्याने बोलायचं नाही, आधी मांडी घालून बसायचं, पाय कुणाच्या दिशेने पसरायचे नाहीत. आणि संध्याकाळी सा, म्हणजे प्रार्थनेची वेळ. शंख किंवा घंटा वाजली की रस्ता रिकामा, गावातले तरुण रस्त्याकडेला उभे राहतात, चालणाऱ्याने थांबायचं, आणि प्रत्येक फलेतून एकाच वेळी गाणं सुरू होतं. पाच-सात घरांची प्रार्थना एकमेकांत मिसळायची, पण कुणाची मान शेजारच्या घराकडे वळायची नाही. मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, सेफ्टी डोअर आहे, आणि तरी जिना चढताना प्रत्येक उघड्या दारातून आत नजर जाते माझी, कुणी मला तसं न बघायला शिकवलंच नव्हतं.

जेवणाबद्दल पण विचारता, तर अळू, नीरफणस, नारळ, मासे, म्हणजे मालवणी माणूस उपाशी राहत नाही. रविवारी पहाटे मुलगे दगड तापवून उमू, म्हणजे तापल्या दगडांची भट्टी, लावायचे, सगळ्या गावावर धूर, आणि त्यात अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं घट्ट दूध बांधून भाजलेलं पालुसामी. त्याच्या चवीवर मी अजून लिहीन कधीतरी.

सगळं छानच होतं असं नाही. डास भयंकर. वादळात हे घर टिकत नाही, 1990 ला ओफा आणि 1991 ला वाल अशी दोन मोठी चक्रीवादळं लागोपाठ येऊन गेली, त्यानंतर खूप कुटुंबांनी पत्रा आणि सिमेंट आणलं, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही, लेकरं घेऊन वादळात बसलेल्या माणसाला परंपरा शिकवायला जाऊ नये. आमच्या घरचे पण जोराचा वारा असला की चर्चच्या पक्क्या इमारतीत जायचे. पण आजोबांचं म्हणणं असं की फले पडली तर पानं पडतात, अंगावर भिंत येत नाही, आणि पानं परत बांधता येतात.

एक रात्र सांगते आणि थांबते. सातव्या महिन्यात मालवणचे माझे आजोबा गेल्याचा फोन आला. परत जायला वेळेत पोचणंच शक्य नव्हतं. मी कुणाला काही बोलले नाही, चटईवर तोंड फिरवून पडले आणि रडायला लागले, आणि मनात एकच, की आता सगळे जमतील, काय झालं विचारतील, ह्या घरात रडायला एक कोपरा पण नाही. कुणीच आलं नाही. थोड्या वेळाने माझ्या बाजूचा पोला हळूच खाली आला, मग शेजारचा, मग डोक्याकडचा. घरच्या आजीने सोडले होते. ती पलीकडच्या खांबाला टेकून माझ्याकडे पाठ करून बसली, पोरांना तिने हळू आवाजात दुसऱ्या टोकाला पाठवलं, आणि ती रात्रभर तिथेच होती, कारण मला जेव्हा जेव्हा जाग आली तेव्हा तिची पाठ दिसली.

सकाळी पोला वर गेलेले होते, ऊन आत आलं होतं. आजीने कोको सामोआचा गरम कप माझ्या हातात दिला, समोर मांडी घालून बसली, आणि मग पहिल्यांदा विचारलं, कोण गेलं गं?